झटका लागत नाही? कुंपणाची झटका मशीन उचलून आणण्याआधी हे वाचा

सोयाबीन शेंगेवर आलं की आमच्या दुकानात रोज तेच ऐकू येतं: "मशीन गेली, झटकाच मारत नाही." टेबलावर घेऊन बॅटरी जोडली की तीच मशीन सात-साडेसात हजार व्होल्ट दाखवते. दोष शेतात असतो. आणि मशीन आमच्याकडे असते त्या रात्री रानडुकरं तुमच्या वावरात असतात.

म्हणून आधी घरीच बघा. बॅटरीवर मीटर लावा; ११.८ व्होल्टच्या खाली असेल तर सौर पॅनलवरची धूळ पुसा, बॅटरी चार्ज करा. मग कुंपणाची तार मशीनपासून सोडा आणि झटका मीटरने नुसत्या मशीनचा व्होल्टेज मोजा. तो सात हजारांच्या आसपास असेल तर मशीन धडधाकट आहे. तार जोडल्यावर शेवटच्या खांबाला चार हजारांच्या खाली आला की डुक्कर जुमानत नाही. अशा वेळी बहुतेकदा कारणं दोन: खालच्या तारेला गवत टेकलंय, नाहीतर अर्थिंग कमी पडतंय. इन्सुलेटरऐवजी सायकलची ट्यूब बांधली असेल तर पाऊस पडताच तिथून करंट खांबात उतरतो, तेही पाहून घ्या.

अर्थिंगकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. झटका बसतो तेव्हा करंट तारेतून जनावरात, तिथून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईतून परत मशीनमध्ये येतो. ही परतीची वाट अडली की मशीन कितीही मोठी घ्या, उपयोग शून्य. एक फुटाची एकच सळई ठोकून काम भागत नाही. जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तीन सळया, प्रत्येकी किमान एक मीटर खोल आणि एकमेकींपासून तीन मीटरवर ठोका. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की सळई मोकळी होते, तेव्हा बुडाशी पाणी घाला. मोटारीच्या अर्थिंगला ही तार कधीच जोडू नका. दोन्हींत किमान दहा मीटर अंतर हवं.

अर्थिंग तपासायची रीत अशी. मशीन बंद करा. मशीनपासून शंभर मीटरवर दोन-तीन पहारी जमिनीत रोवून तारेला टेकवा. मशीन चालू करून तारेचा व्होल्टेज दोन हजारांच्या खाली आला ना, ते बघा. नसेल आला तर मशीन बंद करून आणखी एक पहार लावा. मग मीटरचं एक टोक शेवटच्या सळईला, दुसरं तिथून एक मीटर अंतरावर जमिनीत. ३०० व्होल्टच्या वर आकडा आला तर एक सळई वाढवा.

हे सगळं एवढं सविस्तर सांगण्यामागे कारण आहे. झटका लागेना म्हणून "एक रात्र" विजेच्या लाइनवर आकडा टाकून कुंपणात थेट वीज सोडणारे आहेत. मशीनचा झटका सेकंदाला एकदा, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ असतो. माणूस हात सोडवून मागे सरतो. लाइनचे २३० व्होल्ट थांबत नाहीत. दहा-वीस मिलिअँपिअरलाच मूठ आवळली जाते, तार सुटत नाही. शंभरच्या आसपास करंट काही सेकंद छातीतून गेला तर हृदय बंद पडू शकतं. एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडेल या भरवशावर राहू नका, तो करंट ६ किंवा १६ अँपिअरच्या, म्हणजे हजारो मिलिअँपिअरच्या, वर गेला तरच पडतो. काही जण मध्ये १०० वॅटचा बल्ब जोडतात. त्यातूनही ४०० मिलिअँपिअर जाऊ शकतो, म्हणजे तो बल्ब कुणाला वाचवत नाही.

रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी, आपलाच गडी, बैल, बिबट, कुणीही त्या तारेत सापडतं. 'जय' या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे शेताच्या अशाच तारेने मेला. वाघ, बिबट, रानगवा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधले, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेले. त्यांना मारल्यास तीन ते सात वर्षं कैद आहे. आकड्याबद्दल वीजचोरीचा गुन्हा वेगळा. कुणी चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका. आधी पुरवठा तोडा, मग १०८ ला फोन करा. महावितरण १९१२, वन विभाग १९२६.

चांगल्या कुंपणातही एक बाब सांभाळावी लागते. खवले मांजर झटका बसला की तारेलाच वेटोळं घालतं आणि झटके खात मरतं. दक्षिण आफ्रिकेत हे फार झालं. म्हणून आम्ही खालची तार जमिनीपासून नऊ इंचांवर नाही, फुटावर ठेवतो. त्या उंचीलाही डुकराचं नाक तारेला लागतंच.

मशीनसोबत तीन सळया आणि मीटर घ्यायचा आमचा आग्रह काहींना विक्रीचा डाव वाटतो. सळया दुसरीकडून आणा, हरकत नाही, पण त्याशिवाय आम्ही वॉरंटीचं कार्ड भरत नाही. बिघाड नसलेल्या मशीनच्या तपासणीचे पैसे मात्र घेतो, कारण त्या दिवशी खरोखर बिघडलेली मशीन मागे राहते. लाइनला जोडून जळालेली मशीन आम्ही दुरुस्त करत नाही.

जंगलाला लागून शेत असेल तर सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी वनरक्षकाकडे करा. अर्जासोबत जोडायचं कोटेशन आम्ही फुकट करून देतो. येताना शेताच्या चारही बाजूंची लांबी आणि जमीन काळी की मुरमाड, एवढं लिहून आणा.