बारा बाय दहाच्या खोलीत गाणं नीट ऐकायचं तर

स्पीकर कितीही चांगले असोत, फ्लॅटमधल्या बारा बाय दहाच्या मोकळ्या खोलीत डग्ग्याचे काही ठोके नको तितके घुमतात, काही ऐकूच येत नाहीत आणि गायकाचे शब्द एकमेकांत मिसळतात. विटांच्या भिंती, व्हिट्रिफाइड फरशी आणि वरचा स्लॅब जवळपास सगळा आवाज परत फेकतात. पृष्ठभाग सरासरी ५ टक्केच आवाज शोषतात असं धरलं, तर साडेनऊ फूट उंचीच्या अशा खोलीत आवाज ६० डेसिबलने उतरायला, म्हणजे जवळपास विरायला, साधारण १.७ सेकंद लागतात. ऐकण्यासाठी हा आकडा ०.३ ते ०.४ सेकंद हवा.

इथे बहुतेक जण एक इंची फोम आणून भिंतभर चिकटवतात. पैसे जातात आणि आवाज आणखी बिघडतो. पातळ फोम मुख्यतः १००० हर्ट्झच्या वरचा आवाज खातो. त्यामुळे तंबोऱ्याची जवारी मंदावते, घुमणं मात्र तसंच राहतं. अंड्यांचे ट्रे तर त्याहूनही कुचकामी.

घुमण्याचं मूळ खोलीच्या मापात आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की पहिली स्थिर लहर, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारा सर्वांत खालचा सूर, मिळते. बारा फुटांना ती ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५७, साडेनऊ फूट उंचीला ६०. शेवटच्या दोन इतक्या जवळ आहेत की तिथे घुमणं जास्तच जाणवतं. लांबीच्या बरोबर मध्यावर ४७ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो, तर मागच्या भिंतीला टेकून बसलं की तोच अंगावर येतो. सुरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने मध्यावरचा तो खड्डा भरत नाही: जोर वाढवला की परतणारी लहरही तेवढीच वाढते.

म्हणून आधी फुकटातलं काम करावं. स्पीकर बाराच्या लांबीने वाजतील असे, दहा फुटी भिंतीपुढे मांडावेत. खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, स्पीकर एकमेकांपासून साडेपाच फुटांवर, बाजूच्या भिंतींपासून सव्वादोन आणि पुढच्या भिंतीपासून पावणेतीन फुटांवर. मापं स्पीकरच्या शंकूपासून, म्हणजे हलणाऱ्या पडद्यापासून, घ्यावीत. शेवटची दोन अंतरं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. पुढच्या भिंतीवरून परतणारा आवाज १०० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खोडतो. बाजूचं अंतरही तेवढंच असेल तर खड्डा आणखी खोल होतो. मग स्पीकरवर ४० ते १२० हर्ट्झचा सलग चढता सूर लावून खुर्ची चार-सहा इंच पुढे-मागे करून पाहावी. फरक कानाला लगेच कळतो.

यानंतर आवाज शोषणारी पॅनेल. चार बाय दोन फुटांची, चार इंच खोल लाकडी चौकट घ्यावी. त्यात ४८ किलो प्रति घनमीटर घनतेच्या रॉकवुलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) ५० मिलिमीटरचे दोन थर बसवावेत. हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. तंतू उडू नयेत म्हणून आधी पातळ नॉन-वोव्हन कापड, त्यावर हवं ते सुती कापड. ओठ टेकवून फुंकर मारली तर ती आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावलं की वरचे सूर परत फिरतात. भिंतीपासून दोन इंच सोडून टांगलं तर पॅनेल आणखी खालच्या सुरांवर काम करतं. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओलावली तरी त्या फटीतून हवा खेळते.

जागा आरसा दाखवतो. आपण खुर्चीत बसावं आणि दुसऱ्याने ट्विटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) उंचीवर आरसा भिंतीला लावून सरकवत न्यावा. जवळचा स्पीकर आरशात दिसला की पॅनेल तिथेच. दोन बाजूंना एकेक, छताला एक, डोक्यामागच्या भिंतीवर दोन, आणखी असतील ती कोपऱ्यांत तिरकी. फरशीवर स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये जाड सतरंजी पुरते. ४७ हर्ट्झवर मात्र चार इंची पॅनेलचा फारसा उपयोग नाही, कारण त्या लहरीचा पाव भागच १.८ मीटर भरतो. तिथे खुर्चीची जागाच कामाला येते.

ही पॅनेल शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबवत नाहीत. त्यासाठी भिंतीचं वजन वाढवणं आणि दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करणं हे वेगळं काम आहे.