कॉम्प्युटरच्या दुकानाची उद्यम नोंदणी: एनआयसी कोड कोणता घ्यायचा?

उद्यमचा (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) फॉर्म भरताना दुकानदार हमखास अडतो तो एनआयसी कोडच्या, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाच्या, रकान्यात. आधार, पॅन, बँक खातं पटापट भरून होतं. मग धंद्यांची लांबलचक यादी उघडते आणि कंटाळून हाताला लागेल तो कोड निवडला जातो. गोव्यात मी अनेकांचे फॉर्म भरून दिलेत, म्हणून कळकळीने सांगतो, दहा मिनिटं जास्त द्या पण हा रकाना नीट भरा.

हे कोड राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मधले. कोड पाच आकडी असतो आणि डावीकडून उजवीकडे धंदा बारीक होत जातो. ४७ म्हणजे किरकोळ व्यापार. ४७४ मध्ये माहिती-दळणवळणाच्या उपकरणांची दुकानं येतात. ४७४१ मध्ये कॉम्प्युटर, त्याला जोडायची उपकरणं, सॉफ्टवेअर आणि मोबाईल-टेलिफोन. कॉम्प्युटर, प्रिंटर, मॉनिटर, कीबोर्ड विकणाऱ्याचा कोड ४७४११. हाच माल दुकानदारांना घाऊक देत असाल तर ४६५१ चा गट पाहा. टीव्ही आणि स्पीकर ४७४२ मध्ये मोडतात.

खरी गोम दुरुस्तीत आहे. आपल्याकडच्या दुकानात पुढे काचेच्या कपाटात चार लॅपटॉप आणि मागच्या टेबलावर उघडून ठेवलेले दहा, असंच दृश्य असतं. पावसाळ्यात वीज ये-जा करू लागली की जळालेले मदरबोर्ड आणि बंद पडलेले यूपीएस येतात, तेव्हा विक्रीपेक्षा दुरुस्तीचाच गल्ला मोठा. दुरुस्तीचा वर्ग वेगळा आहे, ९५११, आणि तो सेवेत धरला जातो. झेरॉक्सही काढून देत असाल तर त्यासाठी ८२१९ चा वर्ग.

याने काय फरक पडतो? २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यममध्ये परत घेतलं, पण लाभ एकच: बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातलं (बँकांनी ठराविक गटांना आवर्जून द्यायचं) कर्ज. सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला त्याशिवाय थकलेल्या बिलांचं संरक्षण मिळतं. लेखी करार असला तरी ग्राहकाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर अशा थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. हॉटेलांच्या कॉम्प्युटरची वार्षिक देखभाल घेणाऱ्यांना थकबाकीचा त्रास किती असतो हे मी जवळून पाहिलंय. अशा एका ओळखीच्या मुलाने फक्त ४७४११ टाकून मुख्य व्यवसाय ‘व्यापार’ निवडला होता. हॉटेलने बिल थकवलं तेव्हा त्याच्या हाती काहीच नव्हतं. कमाई मुख्यतः दुरुस्तीची असेल तर मुख्य व्यवसाय ‘सेवा’ निवडा आणि दोन्ही कोड जोडा. एका नोंदणीत अनेक कोड चालतात, नंतर नोंदणीत बदलही करता येतो. मात्र जे करत नाही ते लिहू नका. बिलं कोडशी जुळली पाहिजेत.

पात्रतेची फार चिंता नको. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. आपली बहुतेक दुकानं त्यातच बसतात.

उद्यमसाठी कागद अपलोड करावे लागत नाहीत. मालकाचं आधार (भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं), आधारला जोडलेला मोबाईल, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि कामगारांची संख्या हाताशी ठेवा. जीएसटी लागू असेल तर तो क्रमांकही लागतो. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी पानं सरकारी नव्हेत.

जीएसटीच्या मर्यादेत मात्र हमखास चूक होते. निव्वळ माल विकणाऱ्याला गोव्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. दुरुस्तीचे पैसेही घेत असाल तर २० लाखांचा हिशोब लागतो. लॅपटॉपचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ८४७१ आणि दुरुस्तीचा सेवा कोड ९९८७१३ हे एनआयसीपासून वेगळे. ते बिलावर जातात, उद्यमच्या फॉर्मवर नव्हे. आयकर विवरणपत्रातला व्यवसाय कोडही वेगळ्याच यादीतला.

दुकानाचा परवाना पंचायत किंवा नगरपालिकेकडून घ्यायचा, आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी कामगार खात्याकडे. जागेचा पुरावा आधी तपासा. आपल्या जुन्या घरांत वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असतं आणि दुकान नातवाचं. जीएसटीच्या अर्जात अशा वेळी प्रश्न हमखास येतो. बिल आणि घरपट्टी हयात मालकाच्या नावावर करून घ्या, मग त्याचं संमतीपत्र, किंवा भाड्याची जागा असेल तर करार, जोडा. हे काम वेळ खातं, म्हणून कोड शोधायला बसण्याआधी याला हात घाला.