पार्श्वभूमी : बार्रियोसच्या लोखंडी तारा

नागपुरात पत्रिकेवर ‘शास्त्रीय गिटारवादन’ छापलं की पहिल्या रांगेतले काका तानपुरा शोधू लागतात. मांडीवर आडवी गिटार, शेजारी तबला, संध्याकाळचा राग. या वेळी त्यातलं काहीच नाही. वाजणार आहेत पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारचा वादक-रचनाकार आगुस्तीन बार्रियोस याच्या रचना.

जन्म १८८५, पाराग्वे. आयुष्य गेलं लॅटिन अमेरिकेत गावोगाव वाजवत. १९३०च्या सुमारास तो डोक्यावर पिसं खोवून ‘नित्सुगा मांगोरे’ म्हणून मंचावर येऊ लागला. नित्सुगा म्हणजे आगुस्तीन, उलटं वाचलेलं; मांगोरे हे तिथल्या एका आदिवासी सरदाराचं नाव. तिकिटं खपवायला केलेलं सोंग म्हणा हवं तर, पण पिसं लावून तो जर्मन संगीतकार बाखच्या रचनाही वाजवायचा.

खरा वाद तारांचा. त्या काळी मैफलीच्या गिटारला बारीक तीन तारा आतड्याच्या असत, आपल्याकडे जिला तात म्हणतात ती. बार्रियोस तिथे धातूच्या तारा लावायचा. युरोपच्या वळणाच्या जाणकारांनी नाकं मुरडली: हा आवाज कर्कश, ही रस्त्यावरची गिटार. पण दमट हवेत तात फुगते, सुरातून उतरते, ऐन वेळी तुटते. रोज नव्या गावी वाजवणाऱ्याने काय करावं? शिवाय आवाजाचं भान त्यालाही होतंच. घोडीजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळ, तारांवर रबराचे तुकडे बसवून तो धातूची किणकिण दाबायचा. नायलॉनच्या तारा बाजारात रुळल्या तोवर तो गेला होता. मला तरी नाकं मुरडण्यात कानापेक्षा तोराच जास्त दिसतो.

‘ला कातेद्राल’ (मोठं चर्च) ही त्याची रचना १९२१ची. चर्चमधल्या घंटांसारखे संथ स्वरसमूह, मग बाहेरच्या रस्त्याची धावपळ. आज सुरुवातीला ऐकू येणारा हळवा प्रेल्यूड, म्हणजे प्रास्ताविक तुकडा, त्याने १९३८ साली जोडला. १९४४ साली, एल साल्वादोरमध्ये मरणाच्या थोडंच आधी, त्याने भिक्षेवरची एक रचना केली. तीन बोटं एकच तार सलग छेडत राहतात, सूर पाण्यासारखा थरथरतो. खाली अंगठा मात्र दारावर टकटक करावी तसा तेच ठोके देत राहतो. ऐकताना लक्ष अंगठ्याकडे ठेवा.

नंतर बरीच वर्षं या रचना हस्तलिखितं आणि जुन्या तबकड्यांमध्येच पडून होत्या. १९७७ साली एका नामवंत वादकाने केवळ त्याच्याच रचनांची तबकडी काढली आणि चित्र पालटलं. आता पाराग्वेच्या पन्नास हजारांच्या नोटेवर त्याचं चित्र आहे आणि धरमपेठेतली पोरं परीक्षेसाठी त्याचे वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या चालीवरचे तुकडे, घोटतात. नायलॉनच्या तारांवर.