ठिणगी पडायची वेळ

काकांची जुनी पेट्रोल पिकअप करूळ घाटात दम टाकायला लागली. खालून जांभा चिरा भरून गगनबावड्याकडं चढताना पूर्वी जिथं दुसऱ्या गिअरवर निभायचं, तिथं पहिला टाकावा लागू लागला. काकांचं निदान तयार होतं: टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, मागं गेलंय. उपायही तयार होता: डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) फिरवून इंजिन ठोकायला, म्हणजे खडखडायला, लागेपर्यंत टायमिंग पुढं घ्यायचं आणि मग केसभर मागं आणायचं. ही रीत चुकीची नव्हती, पण आता ती जुनी झालीय. ती का जुनी झाली, हे कळायला आधी सायकलवरून पन्हाळ्याला जाऊ या.

चढावर पायडल अगदी वर, बाराच्या काट्यावर असताना कितीही जोर लावा, तो नुसता अ‍ॅक्सलवर दाबला जातो, चाक फिरत नाही. पायडल थोडं पुढं कललं की तोच जोर कामाला येतो. पिस्टन आणि त्याच्या वरखाली होण्यानं फिरणारा क्रँक, यांचंही असंच असतं. सिलिंडरमधला दाब पिस्टननं टॉप, म्हणजे सगळ्यांत वरची जागा, ओलांडल्यावर क्रँकच्या साधारण १५ अंशांवर शिगेला पोचला, तर त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो.

आता अडचण अशी, की पेट्रोल-हवेचं मिश्रण बॉम्बसारखं एकदम फुटत नाही. प्लगपाशी एक लहान गोळा पेटतो आणि जाळ तिथून पसरत जातो. हे व्हायला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन वर यायच्या आधीच ठिणगी पडायला हवी. जीपच्या ज्या जुन्या ‘हरिकेन’ जातीच्या चार सिलिंडर इंजिनावर काकांची पिकअप चालते, त्याला हा आकडा टॉपच्या ५ अंश आधी असा आहे. हा अर्थातच आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असतानाचा.

वेग वाढला की हिशोब बदलतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर २ मिलिसेकंदांत क्रँक जेमतेम ७ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात ३६ अंश! सुदैवानं वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळणही वाढते आणि जाळ जास्त झपाट्यानं पसरतो, नाहीतर ठिणगी किती आधी पाडायची याला धरबंद राहिला नसता. तरीही ती बरीच आधी सरकवावी लागतेच. वेगात पायडल मारणारा सायकलस्वारही हेच करतो. पायाच्या स्नायूला जोर धरायला वेळ लागतो, म्हणून पायडल वर पोचायच्या आधीच तो जोर लावायला सुरुवात करतो, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

इंजिनात हे काम डेल्कोच्या पोटातली दोन लहान वजनं करतात. शाफ्ट जोरात फिरला की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंग ताणतात आणि पॉइंट (उघडला की ठिणगी पडते ती खटक्याची जोडी) उघडणारा कॅम पुढं सरकवतात. डेल्को या नावाचीही गोष्ट आहे. चार्ल्स केटरिंग यांनी एका भागीदारासोबत १९०९ मध्ये अमेरिकेत ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली, तिच्या आद्याक्षरांचं हे नाव. कॉइल आणि पॉइंटची इग्निशन केटरिंग यांनीच रुळवली. कंपनीचं नाव असं वस्तूला चिकटून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजापर्यंत आलं, याची मला दरवेळी गंमत वाटते. (डिझेल पिकअपवाल्यांना हा सगळा उपद्व्याप नाही. तिथं ठिणगीच नसते, पंपाचं टायमिंग असतं. तो वेगळा लेख.)

आता ठोकण्याकडं वळू. ठिणगी फार लवकर पडली की जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेट घेतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला सहा-सात हजार वेळा आपटतात आणि पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज येतो. हे लांबलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा जितका मोठा, तितकं ते या आपोआप पेटण्याला दाद देत नाही.

कानाची रीत फसते ती इथंच. काकांच्या तरुणपणी पेट्रोलचा ऑक्टेन कमी असायचा. त्यामुळं इंजिन ठोकायला लागायची जागा आणि सगळ्यांत जास्त ओढ मिळायची जागा जवळजवळ असायच्या. आज पंपावरचं साधं पेट्रोलच ९१ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं असतं. त्यात इथेनॉल मिसळतात, आणि त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर. आपल्याच भागातल्या उसाचा रस असा फिरून टाकीत येतो म्हणा! (जुन्या गाडीचे रबरी पाइप मात्र त्यापायी तपासत राहावे लागतात.) हरिकेनचा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) सातच्या आसपास. एवढ्या कमी दाबावर आजचं पेट्रोल सहजासहजी ठोकत नाहीच. त्यामुळं कान गप्प असतानाच टायमिंग योग्य जागा ओलांडून पुढं गेलेलं असतं. वर येणाऱ्या पिस्टनला जाळ उलटा खाली ढकलू लागतो, ओढ कमी होते आणि आवाज काहीच येत नाही. शिवाय योग्य जागेच्या आसपास दोन-तीन अंश इकडंतिकडं झाले तरी ओढीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. मग ‘अजून थोडं पुढं’ कशासाठी?

गॅरेजातल्या मिस्त्रींनी काकांना सरळ थांबवलं. ‘आण्णा, आधी पॉइंट बघू, मग टायमिंग. उलटं केलासा तर दोन्ही चुकतंय.’ कारण कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग आपोआप मागं जातं. नंतर गॅप नीट केला की ते पुन्हा हलतं. म्हणून त्यांनी आधी गॅप लावला. मग कॉइलकडून डेल्कोला येणाऱ्या वायरीच्या टोकापासून बॉडीपर्यंत एक बल्ब जोडला, पुलीवरची खूण ५ अंशांवर आणली आणि बल्ब पेटेल तिथं डेल्को आवळला. पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब पेटतो. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळं हातानं एक अंश हलवला तर टायमिंग दोन अंशांनी सरकतं. केसभर म्हणजे किती, हे इथं कळतं.

तोपर्यंत टायमिंग दोनेक अंशांनीच मागं निघालं होतं. तेवढ्यानं घाटात पहिला गिअर लागत नाही. मिस्त्रींनी टायमिंग लाइट काढला. पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर तो लखलखतो आणि फिरती पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. रेस वाढवली की पुलीवरची खडूची रेघ सरकायला हवी होती. इंजिन ओरडत होतं, पण रेघ हलत नव्हती.

डेल्को उघडला तर वजनं गंजून घट्ट बसलेली. म्हणजे आयडलिंगला सगळं ठीक, पण वेगात ठिणगी पाचच अंशांवर अडकलेली. उशिरा जळणारा तो जाळ काम करायचं सोडून सायलेन्सर तापवत होता. काकांच्या रीतीनं डेल्को पुढं फिरवला असता तर घाटात थोडी ओढ आलीही असती, पण सकाळी स्टार्टर मारताना इंजिननं उलटा झटका दिला असता.

वजनं रॉकेलनं धुतली, पिनांवर तेलाचे दोन थेंब सोडले. रेस दिल्यावर खडूची रेघ सरकली, सोडल्यावर परत आली. काका वाकून बघत होते. ‘पुन्हा एकदा दे की रेस,’ म्हणाले.