लमसम की ईपीसी? नव्या तुरुंगाचा ठेका देताना होणारी गल्लत

इंदूरला नवं कारागृह बांधायचं म्हटलं की घाई असते, आणि घाईत ‘लमसम’ (ठोक रकमेचा ठेका) आणि ‘ईपीसी’ (इंजिनिअरिंग, प्रोक्युअरमेंट, कन्स्ट्रक्शन) हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत ठेक्याची रक्कम एकच, आधी ठरलेली. बीओक्यूतली, म्हणजे कामांच्या आणि परिमाणांच्या यादीतली, बाब न् बाब मोजून बिल काढायचं नसतं. फरक आहे तो डिझाइन कोणाचं, यात.

लमसममध्ये काम देणारा सरकारी विभाग पूर्ण नकाशे तयार करतो आणि मग निविदा काढतो. नकाशात चूक निघाली तर भुर्दंड विभागाचा. ईपीसीत विभाग आपल्या गरजा लिहून देतो. डिझाइन, सामान, बांधकाम सगळं ठेकेदाराकडे. वेळ वाचतो तो इथेच. तटभिंतीचं डिझाइन मंजूर झालं की तिचं खोदकाम सुरू होतं, बराकींचे नकाशे तेव्हा तपासणीत असले तरी चालतं. लमसममध्ये निविदेआधीचे महिने जसेच्या तसे लागतात, म्हणून केवळ रक्कम ठोक केल्याने काम लवकर होत नाही.

माळव्याची काळी माती हा फरक लगेच दाखवते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तटभिंत लांब आणि वजनाला हलकी, त्यामुळे ती उचलली जाते आणि तडकते. उपाय म्हणजे आयएस २९११ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, आणि वरच्या बीमखाली माती फुगायला मोकळी जागा. लमसमच्या नकाशात साधा पाया असेल आणि खोदल्यावर काळी माती खोल निघाली, तर एक्स्ट्रा आयटमची, म्हणजे करारात नसलेल्या जादा कामाची, फाइल फिरत राहते. ईपीसीत जमिनीची जोखीम करारातून ठेकेदारावर टाकता येते, पण बोअर (माती तपासायला पाडलेली खोल भोकं) कमी घेतले असतील तर तो भीतीपोटी दर चढवतो. म्हणून पद्धत कोणतीही असो, तटभिंतीच्या रेषेवर बोअर निविदेआधीच घ्यावेत.

ईपीसी फसते ती गरजा अर्धवट लिहिल्याने. आदर्श कारागृह नियमावली २०१६ नुसार बराकीत कैद्यामागे ३.७१ चौ.मी. जागा आणि १५.८३ घनमीटर हवा हवी. २० जणांच्या बराकीला ७४.२ चौ.मी. आणि ३१६.६ घनमीटर. करारात फक्त क्षेत्रफळ लिहिलं आणि ठेकेदाराने ३ मीटर उंची धरली, तर हवा मिळते २२२.६ घनमीटर, म्हणजे ९४ घनमीटर कमी. करारानुसार त्याचं काहीच चुकत नाही. सुधारणा मागितली की तो कार्यकक्षेतला बदल ठरतो. जादा पैसे द्यावे लागतात आणि मुदतही वाढते. म्हणून उंची सुमारे ४.२७ मीटर, किंवा उंची कमी ठेवायची तर वाढीव क्षेत्रफळ, हे आकड्यांत लिहावं. दाटीवाटीत झोपणाऱ्या माणसांचा प्रश्न आहे, इथे संदिग्धता नको.

निवडीचा निकषही बदलावा लागतो, कारण ईपीसीत प्रत्येकाचं डिझाइन वेगळं असतं आणि नुसत्या सर्वांत कमी दराने तुलना होत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी गुणवत्ता-सह-किंमत निवडीला ठरावीक कामांत वाट दिली. किमतीखेरीज बाबींना कमाल ३० टक्के भार. राज्याच्या कामाला अर्थात राज्याचे नियम लागू.

विभागाकडे नकाशे तपासायला माणसं नसतील तर लमसम बरा, पण बोअर आणि डिझाइन पक्कं झाल्यावरच. ईपीसी घेतली तर प्रूफ चेकिंग (डिझाइनची स्वतंत्र फेरतपासणी) कोणती संस्था करणार आणि प्रत्येक नकाशावर किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे करारात लिहावं; नाहीतर विभागाच्या टेबलावर गेलेले दिवस ठेकेदार मुदतवाढीत मागतो. कुलपं आणि कॅमेऱ्यांचे नकाशे मात्र वेगळ्या संचात, मोजक्याच हातांत ठेवावेत.