पोटगीची वसुली (पुणे)

घटस्फोटित किंवा विभक्त जोडीदाराने न्यायालयाने ठरवलेली पोटगी थकवल्यास ती मिळवण्याची कार्यवाही. पोटगीचा आदेश झाला म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत; थकबाकीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पुणे शहरात तो शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात होतो; जेथे असे न्यायालय नाही, तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.

आदेश कोणत्या कायद्याखाली झाला, यावर पुढचा मार्ग ठरतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ (१ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) लागू असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुली अर्ज हवा. इथेच सर्वाधिक नुकसान होते. ‘पुढच्या महिन्यात देतो’ यावर विसंबून दोन वर्षे गेली, तर पहिल्या वर्षाच्या रकमेसाठी या कलमाखाली वसुलीचे वॉरंट मिळत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५खालील कायम पोटगीसाठी मात्र दिवाणी दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करता येते आणि तिला बारा वर्षांची मुदत आहे.

अर्जासोबत आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल आणि महिनावार तक्ता (देय, मिळालेली व बाकी रक्कम) जोडावा. देणेकऱ्याचा सध्याचा पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि बँक खाते जितके नेमके, तितकी वसुली सोपी. हिंजवडी-चाकणकडे नोकऱ्या भराभर बदलतात. जुन्या कंपनीच्या पत्त्यावर काढलेले वॉरंट ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. देणेकरी दुसऱ्या शहरी गेला असल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७नुसार तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनही आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते.

पगारदाराच्या बाबतीत पगारजप्ती सर्वांत परिणामकारक. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. इतर कर्जांच्या वसुलीत याहून बराच मोठा भाग वाचतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६)खाली तर मालकालाच पगारातून रक्कम थेट देण्याचा हुकूम होऊ शकतो. रोखीच्या धंदेवाल्याकडून वसुली अवघड, कारण जप्त करायला कागदावर काही सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये दोन्ही पक्षांना मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. ते मूळ दाव्यात नीट तपासून घेतलेले असेल, तर दरखास्तीच्या वेळी उपयोगी पडते.

वॉरंट काढूनही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच स्पष्ट केले आहे. ‘मुलांना भेटू देत नाही, म्हणून पोटगी थांबवली’ हा बचावही टिकत नाही. भेटीसाठी स्वतंत्र अर्ज आहे. नोकरी खरोखर गेली असल्यास रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६) वेळीच करावा. तोवर जुनाच आदेश लागू राहतो आणि थकबाकी वाढत जाते.