काजूचा हंगाम आणि खसखशीएवढी गोचीड

मार्च लागला की आमच्या आतेचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर तिची बाग आहे. खाली वेंगुर्ला सातची कलमं, वर आजोबांच्या काळातली गावठी झाडं आणि त्याच्याही वर, मध्ये गडगा-बिडगा काही नाही, थेट रान. पिकलेला बोंडू काजीसकट खाली पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, पडतो. काठीने पातेरा बाजूला सारायचा, बोंडू उचलायचा, पिरगाळून काजी वेगळी करायची आणि ओटीत टाकायची. पायात चप्पल असली तर असली. नऊ वाजता तिथेच झाडाखाली पातेऱ्यावर बसून भाकरी खायची.

आता याच बागेकडे गोचिडीच्या बाजूने पाहू. पाऊस सरला की अंड्यांतून सहा पायांची पिल्लं बाहेर पडतात, एखाद्या उंदराच्या किंवा पाखराच्या अंगावर पहिलं रक्त पितात, गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. या दुसऱ्या अवस्थेतली गोचीड जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. तिचा सुकाळ डिसेंबरपासून मेपर्यंत, आणि मुक्काम कोरड्या पातेऱ्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला चिकटायचं, एवढंच तिचं काम. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून पाहिली की माकडतापाचं, म्हणजे या गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या तापाचं, निम्मं गणित सुटतं. उरलेलं निम्मं मात्र प्रयोगशाळेत सुटत नाही.

या आजाराचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलालगतच्या गावांत माणसं तापाने फणफणली. त्याच सुमारास जंगलात माकडं मरून पडत होती. हे आधी गावकऱ्यांच्या ध्यानात आलं, शास्त्रज्ञांच्या नंतर. पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, तेव्हा नुकतं उभं राहिलं होतं. त्याचे संचालक टेलफर्ड वर्क यांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, कारण त्या रोगातही आधी माकडं मरतात. आशियात पीतज्वर कधीच आलेला नव्हता. आला असता तर हाहाकार उडाला असता. तपासणीत निघाला वेगळाच विषाणू. रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं होतं.

रशिया म्हटल्यावर संशय साहजिकच हिवाळी पाहुण्या पक्ष्यांवर गेला. सैबेरियाकडून येणाऱ्या पाखरांनीच गोचिडी आणल्या असतील का? हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवल्या. पाखरांवरचा गुन्हा काही सिद्ध झाला नाही. पण आपल्याकडच्या स्थलांतरित पक्ष्यांविषयी जी माहिती गोळा झाली, तिच्यावर पुढच्या पिढ्यांचा अभ्यास उभा राहिला. एका तापाने पक्षिशास्त्राचं भलं केलं म्हणायचं.

या गोष्टीत मला सर्वांत आवडणारा माणूस मात्र कोलंबियाचा होर्हे बोशेल. आपल्या देशात पीतज्वराचा अभ्यास करताना त्याने लाकूडतोड्यांना काम करताना पाहिलं होतं. उंच झाड कोसळलं की शेंड्याकडे राहणारे निळसर डास खाली येऊन माणसांना चावायचे. रोग कुठून येतो हे त्याला कुऱ्हाड चालवणाऱ्यांकडे बघून कळलं. हीच नजर घेऊन तो शिमोग्याला आला. 1969 साली त्याने मांडणी केली की जंगल तोडून शेती शिरली, मग जंगलकडेला गुरं चरू लागली, आणि रोग उफाळला तो या उलथापालथीमुळे. वाढ पूर्ण झालेल्या गोचिडीला मोठं जनावर लागतं. गाय-म्हैस स्वतः आजारी पडत नाही, विषाणू पुढेही देत नाही, पण रक्त पाजून गोचिडींची संख्या भरमसाट वाढवते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते. पूर्वी खोल रानात उंदीर, खारी, माकडं आणि गोचिडी यांच्यात गुपचूप फिरणारा विषाणू असा गुरांच्या वाटेने उंबऱ्याशी आला.

माकडाचं काय? वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघंही या विषाणूने पटापट दगावतात. प्राणी मेला की अंग थंड पडतं आणि त्यावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवती पन्नास फुटांच्या घेरात कीटकनाशक मारायची पद्धत आहे. बिचारं माकड बदनाम झालं ते नावापुरतं. खरं तर धोक्याची घंटा वाजवणारा तोच. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण साथ आली की आजाऱ्याच्या घरी जायला लोक कचरतात.

पन्नासेक वर्षं हा रोग कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांपुरता होता. 2012 पासून तो सह्याद्रीच्या रांगेने दोन्ही दिशांना सरकत गेला: बांदीपूर, निलगिरी, वायनाड, 2015 मध्ये गोव्यातला सत्तरी तालुका आणि 2016 मध्ये आमचं दोडामार्ग. 2017 च्या हंगामात बांदा परिसरातही रुग्ण वाढले. गोव्यात तपासणी झाली तेव्हा दिसलं की आजारी पडणाऱ्यांत काजूच्या बागांत राबणारे बरेच होते.

एकाएकी हुडहुडी भरून ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, डोळे लाल, काहींना रक्तस्राव. काही रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि तो मेंदूवर जातो. शंभरांत तीन ते पाच दगावतात. नेमकं औषध नाही. पाणी, विश्रांती आणि वेळेवर दवाखाना. सुरुवातीच्या दिवसांत हा ताप डेंग्यूसारखा किंवा लेप्टोस्पायरोसिससारखा दिसतो, त्यामुळे डॉक्टरने ‘रानात गेला होतात का?’ हा प्रश्न विचारणं रक्ताच्या चाचणीइतकंच मोलाचं.

लस होती. 1990 पासून कर्नाटकात वापरली जायची. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा-नऊ महिन्यांनी तिसरा, मग दरवर्षी एक. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन डोसांचा परिणाम साठ टक्क्यांच्या आसपास आणि तिसऱ्यानंतर ऐंशीच्या वर दिसला. आता रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सुई दुखते, दुसऱ्या दिवशी हात उचलत नाही, मजुरी बुडते, आणि हे दरवर्षी. लोक टाळायचे यात नवल ते काय! 2022 नंतर त्या लसीचा वापर थांबला. नव्या लसीवर काम चालू आहे. ती बाटलीत कितीही उत्तम उतरली तरी शेवटी ती दंडात जायची आहे, आणि दंडाच्या मालकिणीला त्या दिवशी काजी पुंजावायच्या, म्हणजे गोळा करायच्या, असतात.

इथे समाजशास्त्राची गरज लागते. आपल्याकडे असा समज आहे की जीवशास्त्रज्ञाने शोध लावायचा आणि समाजशास्त्रज्ञाने नंतर पत्रकं वाटून तो ‘लोकांपर्यंत पोचवायचा’. माकडतापाच्या अभ्यासात हा क्रम उलटा झालेला दिसतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी शिमोगा जिल्ह्याचा धोक्याचा नकाशा तयार केला. तो करताना आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन खात्यांतल्या माणसांना त्यांनी सुरुवातीलाच सोबत घेतलं, आणि नकाशात काय काय धरायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवलं. धोका जास्त निघाला तो सदाहरित जंगल आणि बागायत यांची सरमिसळ असलेल्या, गावठी गुरं जास्त असलेल्या भागात. कोरडं पानझडी रान जास्त असेल तिथे तो कमी होता. बोशेलने पन्नास वर्षांपूर्वी म्हटलेलं पुष्कळसं आकड्यांत उतरलं.

सदाहरित जंगल, त्याला लागून बाग, मध्ये गुरं. हे वर्णन वाचून मला आतेची बाग दिसली, आणि खरं सांगायचं तर अख्खं दोडामार्ग दिसलं. तिथे गेल्या काही वर्षांत रान कापून रबर लागलं, अननस लागला, काजू तर आधीपासून आहेच. जंगलाची कडा लांबत गेली. गोचीड, गाय आणि माणूस भेटतात ते या कडेवरच.

आरोग्यवाले सांगतात: रानात जाऊ नका, गेलात तर अंगभर कपडे घाला, पायांत बूट घाला, गोचिडींना दूर ठेवणारं तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. सल्ला चुकीचा नाही. पण ‘रानात जाऊ नका’ हे वाक्य मी आतेला वाचून दाखवलं तेव्हा ती हसत सुटली. “गोचडी काय आजच्ये? जलमापासून चावतत. तापाक भियान घरात बसलंय तर काजी कोण पुंजावतलो?” वर्षाचा रोख पैसा याच तीन महिन्यांत येतो. त्यातून मुलाची फी जाते, शिमग्याचा खर्च निघतो, सोसायटीचा हप्ता भरतो. गुरांच्या गोठ्यात अंथरायला आणि भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजायला) पातेरा लागतो, तोही याच दिवसांत गोळा होतो, आणि तो बहुतेक बायकाच आणतात. त्यामुळे ‘रानात कोण जातं’ या प्रश्नाला ‘गावकरी’ हे उत्तर पुरत नाही. कोणती बाई, कुठल्या महिन्यात, कोणाच्या बागेत, स्वतःच्या की मजुरीवर, हे विचारावं लागतं.

तेलाची बाटली तिला मिळाली होती. वासाने डोकं दुखतं म्हणून ती पडवीच्या फळीवर राहिली. रबरी बुटांत घामाने पाय शिजतात. चिकटलेल्या गोचिडीला चुना लावायची तिची सवय मात्र मी हट्टाने सोडवली. बिथरलेली गोचीड आपली लाळ आणखी आत सोडू शकते, त्यापेक्षा चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढलेली बरी. आता चिमटा तिच्या कनवटीला असतो. पातेऱ्यावर बसायचंही तिने सोडलंय. एक जुनं प्लास्टिकचं पोतं घडी करून नेते, निघताना ते झटकते.

तिच्या माजघरात भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे. मार्चच्या पानावर प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने त्या दिवशी विकलेल्या काजीचे किलो लिहिलेले असतात: बारा, चौदा, नऊ. गेल्या वर्षी एका मंगळवारच्या चौकोनात किलो नव्हते. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वानर मेलो, पाणंदीकडे. आशाताईंक फोन केलो.’ बुधवारी पुन्हा अकरा किलो.